यूरोपीय संघ–दक्षिण आफ्रिका व्यापार, विकास व सहकार्य करार

यूरोपीय समुदाय व त्याची सदस्य राष्ट्रे हा एक पक्ष आणि दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक हा दुसरा पक्ष, यांच्यात ११ ऑक्टोबर १९९९ रोजी प्रिटोरिया येथे झालेला द्विपक्षीय करार. मुक्त व्यापार क्षेत्राची टप्प्याटप्प्याने उभारणी, विकासकार्यासाठी अर्थसाहाय्य, आर्थिक व तांत्रिक क्षेत्रांतील सहकार्य आणि नियमित राजकीय विचारविनिमय अशी चार प्रमुख अंगे या कराराला आहेत. त्यांपैकी बऱ्याचशा तरतुदी १ जानेवारी २००० पासून तात्पुरत्या स्वरूपात अंमलात आल्या व सर्व सदस्य राष्ट्रांची संमती मिळाल्यावर १ मे २००४ पासून संपूर्ण करार लागू झाला. २०१६ मध्ये त्यातील व्यापारविषयक भागाची जागा एका व्यापक प्रादेशिक कराराने घेतली. विकास, राजकीय संवाद व इतर सहकार्य यांविषयीचा भाग मात्र कायम राहिला. प्रगत राष्ट्रांचा एक बलाढ्य समूह आणि विकसनशील जगातील एक मध्यम आकाराचा देश यांनी परस्परांना सवलती देण्याच्या तत्त्वावर केलेला एक आरंभीचा करार म्हणून त्याला महत्त्व आहे. असमान सामर्थ्याच्या पक्षांमध्ये समान नियम कितपत न्याय्य ठरतात, हा त्यामागील मूळ प्रश्न होय.

पार्श्वभूमी : दक्षिण आफ्रिकेचे यूरोपशी व्यापारी संबंध जुने आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केप येथे ठाणे वसविले, ते पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे अन्न व पाणी पुरविण्यासाठी. पुढे हा प्रदेश ब्रिटिश सत्तेखाली गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरे व सोने यांचे साठे सापडल्यानंतर यूरोपीय भांडवलाचा ओघ तिकडे वळला आणि कच्चा माल व खनिजे यूरोपला पाठवावयाची आणि यंत्रसामग्री व पक्का माल तेथून आणावयाचा, असा व्यापाराचा साचा तयार झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो साचा मूलतः बदलला नव्हता.

१९४८ नंतर दक्षिण आफ्रिकेत वर्णविद्वेषाच्या धोरणास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तत्पूर्वीच, तेथील भारतीय वंशाच्या लोकांवरील अन्यायाच्या निषेधार्थ, भारताने १९४६ मध्ये त्या देशाशी व्यापार तोडला होता. असे पाऊल उचलणारा तो पहिला देश होय. यूरोपीय राष्ट्रांनी मात्र दीर्घकाळ व्यापार चालू ठेवला. १९७३ मध्ये ब्रिटन यूरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाल्यावर आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील ४६ देशांशी समुदायाने १९७५ मध्ये लोमे करार केला. त्यानुसार या देशांच्या बहुतेक मालास समुदायाच्या बाजारपेठेत जकातमुक्त प्रवेश मिळाला व बदल्यात तशीच सवलत देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. दक्षिण आफ्रिका या व्यवस्थेबाहेर राहिली.

पुढे लोकमताच्या दडपणाखाली समुदायाचे धोरण बदलत गेले. दक्षिण आफ्रिकेत उद्योग चालविणाऱ्या यूरोपीय कंपन्यांसाठी १९७७ मध्ये एक आचारसंहिता स्वीकारण्यात आली. वर्णविद्वेषाच्या बळींना साहाय्य देण्यासाठी १९८५ मध्ये एक खास कार्यक्रम आखण्यात आला. त्याचा पैसा तेथील शासनाकडे न जाता चर्च, कामगार संघटना व स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत खर्च होई. १९८६ मध्ये लोखंड, पोलाद व क्रूगरँड ही सुवर्णनाणी यांची आयात आणि नवीन गुंतवणूक यांवर निर्बंध घालण्यात आले. नेल्सन मंडेला यांची फेब्रुवारी १९९० मध्ये कारावासातून मुक्तता झाल्यानंतर हे निर्बंध क्रमाक्रमाने उठविण्यात आले. एप्रिल १९९४ मध्ये सर्व प्रौढांच्या मताधिकारावर आधारलेली पहिली निवडणूक झाली आणि १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

वाटाघाटी : नव्या शासनाशी यूरोपीय समुदायाने ऑक्टोबर १९९४ मध्ये एक छोटा सहकार्य करार केला आणि विकसनशील देशांना मिळणारी सर्वसाधारण जकात-सवलत दक्षिण आफ्रिकेलाही देऊ केली. तथापि दक्षिण आफ्रिकेची अपेक्षा याहून मोठी होती. शेजारी देशांप्रमाणे आपणासही लोमे करारात पूर्ण स्थान मिळावे, अशी विनंती तिने १९९४ च्या अखेरीस केली. लोकसंख्येतील बहुसंख्य लोक दरिद्री असून दशकानुदशकांच्या विषमतेचा वारसा नव्या शासनावर येऊन पडला आहे, हा तिचा युक्तिवाद होता.

यूरोपीय संघाने ही विनंती मान्य केली नाही. दक्षिण आफ्रिकेतील खाणी, कारखाने, बँका व मोठी शेती यांची उत्पादनक्षमता लोमे गटातील इतर देशांच्या कितीतरी पुढे होती आणि ‘जकाती व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार’ म्हणजे गॅट या व्यवस्थेत तिची गणना विकसित देशांत होत असे. असा देश लोमे गटात आल्यास गटातील दुर्बल देशांचा वाटा कमी होईल, तसेच एकतर्फी सवलतींना जागतिक व्यापार संघटनेत आव्हान दिले जाईल, अशी भीती व्यक्त करण्यात आली. याशिवाय दक्षिण यूरोपातील फळे, मद्य व भाजीपाला यांच्या उत्पादकांचा विरोध होताच. परिणामी दुहेरी मार्ग काढण्यात आला. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेस लोमे कराराचे मर्यादित सदस्यत्व देण्यात आले. त्यामुळे गटाच्या राजकीय संस्थांत भाग घेण्याचा व विकासनिधीतील कामांच्या निविदा भरण्याचा हक्क तिला मिळाला, परंतु व्यापारी सवलती व निधीचे प्रत्यक्ष साहाय्य यांपासून ती वगळली गेली. व्यापारासाठी स्वतंत्र द्विपक्षीय करार करावयाचा असे ठरले.

या वाटाघाटी सुमारे चार वर्षे चालल्या. शेतमाल, मत्स्यव्यवसाय व मद्यांची नावे हे वादाचे मुख्य विषय होते. आपल्या सागरी हद्दीत यूरोपीय मच्छीमार नौकांना प्रवेश देण्यास दक्षिण आफ्रिकेने नकार दिला व याविषयीचा करार झाला नाही. ‘पोर्ट’ व ‘शेरी’ ही नावे अनुक्रमे पोर्तुगाल व स्पेन यांतील विशिष्ट प्रदेशांच्या मद्यांचीच होत, असे यूरोपीय पक्षाचे म्हणणे होते. केप प्रांतातील उत्पादक ती नावे अनेक पिढ्या वापरीत आले होते. मार्च १९९९ मध्ये बर्लिन येथील शिखर परिषदेत यूरोपीय राष्ट्रप्रमुखांनी तडजोडीस मान्यता दिली. यानंतरही इटलीने ‘ग्राप्पा’ व ग्रीसने ‘ऊझो’ या नावांसाठी आग्रह धरला. अखेर मद्ये व ऊर्ध्वपातित मद्ये यांविषयीचे दोन स्वतंत्र करार जानेवारी २००२ मध्ये पार्ल येथे झाले. त्यांनुसार ‘पोर्ट’ व ‘शेरी’ या नावांचा वापर निर्यातीत पाच वर्षांत (शेजारी देशांपुरता आठ वर्षांत) व देशांतर्गत बाजारात बारा वर्षांत थांबविण्याचे दक्षिण आफ्रिकेने मान्य केले. त्याबदल्यात तेथील मद्योद्योगाच्या पुनर्रचनेसाठी १५ दशलक्ष यूरोंचे साहाय्य देण्यात आले.

व्यापारविषयक तरतुदी : जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार एखाद्या देशास दिलेली सवलत सर्व सदस्य देशांना द्यावी लागते. मुक्त व्यापार क्षेत्र हा या नियमास अपवाद असला, तरी त्यासाठी उभयपक्षी ‘बहुतांश सर्व व्यापार’ जकातमुक्त करावा लागतो. ‘बहुतांश’ म्हणजे नेमके किती, हे नियमांत सांगितलेले नाही; सुमारे नव्वद टक्के असा अर्थ यूरोपीय संघ लावतो. तथापि हे प्रमाण दोन्ही पक्षांच्या व्यापाराची सरासरी म्हणून मोजले, तर बलवान पक्षाने अधिक व दुर्बल पक्षाने कमी भार उचलावा अशी सोय होऊ शकते. प्रस्तुत करार याच विषमप्रमाण तत्त्वावर बेतलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या आयातीपैकी सुमारे ९५ टक्के आयात दहा वर्षांत जकातमुक्त करण्याचे यूरोपीय संघाने मान्य केले, तर दक्षिण आफ्रिकेने यूरोपीय आयातीपैकी सुमारे ८६ टक्के आयात बारा वर्षांत जकातमुक्त करावयाची होती. यूरोपीय जकातींतील कपात मुख्यत्वे आरंभीच्या वर्षांत व दक्षिण आफ्रिकेची उत्तरार्धात यावी, अशी योजना होती. वस्त्रोद्योग, पादत्राणे, मोटारगाड्या इ. उद्योगांना जुळवून घेण्यास अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

शेतमालाच्या बाबतीत मात्र तराजू उलट दिशेने झुकलेला आढळतो. यूरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेच्या शेतमालापैकी सुमारे ६२ टक्के मालासच मुक्त प्रवेश दिला, तर दक्षिण आफ्रिकेने यूरोपीय शेतमालापैकी सुमारे ८३ टक्के मालास तो दिला. गोमांस, साखर, मका, काही दुग्धपदार्थ व काही फळे यांसारखे संवेदनशील जिन्नस यूरोपने वगळले किंवा त्यांना ठराविक कोट्यापुरतीच सवलत दिली. यूरोपीय शेतकऱ्यांना समान कृषिधोरणाखाली मोठ्या प्रमाणावर अनुदाने मिळत असल्याने दक्षिण आफ्रिकेच्या बाजारात येणारा त्यांचा माल कृत्रिमपणे स्वस्त असे. म्हणून आकड्यांतील विषमता एका अर्थी दुर्बल पक्षाच्या बाजूची असली, तरी ज्या क्षेत्रात त्याला खरा लाभ होण्यासारखा होता तेथेच दारे अरुंद राहिली, अशी टीका झाली.

मालाचे मूळ ठरविण्याचे नियम हाही कराराचा महत्त्वाचा भाग आहे. जकात-सवलत केवळ दोन्ही पक्षांच्या प्रदेशांत तयार झालेल्या मालास मिळते. तिसऱ्या देशातील वस्तू केवळ वेष्टन बदलून पाठविता येत नाही. यांखेरीज अवपातनविरोधी उपाय, आयात एकाएकी वाढल्यास तात्पुरती संरक्षक जकात, स्पर्धेस बाधक प्रथांचे नियंत्रण, तंट्यांचे लवादामार्फत निवारण आणि दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचे एक सहकार्य मंडळ यांविषयीच्या तरतुदी करारात आहेत. लोकशाही तत्त्वे, मानवी हक्क व कायद्याचे राज्य यांबद्दलचा आदर हा कराराचा अनिवार्य घटक मानलेला आहे.

विकाससाहाय्य : करारातील ‘विकास’ या शब्दास प्रत्यक्ष आशय दिला तो ‘पुनर्रचना व विकास यांसाठीचा यूरोपीय कार्यक्रम’ या योजनेने. १९८५ च्या खास कार्यक्रमाची जागा तिने १९९५ मध्ये घेतली. लोमे गटातील देशांना यूरोपीय विकासनिधीतून पैसा मिळे. दक्षिण आफ्रिकेस मात्र यूरोपीय संघाच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून स्वतंत्र तरतूद केली जाई. २०००–०६ या काळासाठी ही तरतूद ८८५·५ दशलक्ष यूरो व २००७–१३ या काळासाठी ९८० दशलक्ष यूरो होती. यूरोपीय गुंतवणूक बँक १९९५ पासून दक्षिण आफ्रिकेस कर्जे देऊ लागली. वरील दोन कालखंडांसाठी कर्जांच्या मर्यादा अनुक्रमे ८२५ व ९०० दशलक्ष यूरो होत्या. अनुदाने मुख्यतः पाणीपुरवठा व मलनिस्सारण, शिक्षण, आरोग्य, लहान उद्योग, न्यायव्यवस्था व स्थानिक शासन यांसाठी आणि कर्जे ऊर्जा, वाहतूक, घरबांधणी अशा पायाभूत कामांसाठी देण्यात आली. पाणीपुरवठ्याचा ‘मासिबांबाने’ हा कार्यक्रम त्यांतील प्रसिद्ध होय. यात परदेशी तज्ञांनी स्वतंत्र प्रकल्प चालविण्याऐवजी दक्षिण आफ्रिकेच्या शासकीय खात्याच्या अंदाजपत्रकासच थेट आधार देण्याची पद्धत अवलंबिली गेली.

यूरोपीय संघ व त्याची सदस्य राष्ट्रे मिळून दक्षिण आफ्रिकेस सर्वाधिक बाह्य साहाय्य देत असली, तरी देशाच्या एकूण सरकारी खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्पच होती. तिचे महत्त्व नव्या पद्धती करून पाहण्यास व नोकरवर्गाच्या प्रशिक्षणास मिळालेल्या वावात होते. मध्यम उत्पन्नाच्या देशांचे अनुदान कमी करण्याच्या यूरोपीय धोरणानुसार २०१४–२० या काळासाठीची तरतूद २४१ दशलक्ष यूरोंपर्यंत खाली आली. विज्ञान व तंत्रविद्या यांविषयी उभयपक्षी १९९६ मध्येच स्वतंत्र करार झाला होता. २००७ मध्ये दोन्ही पक्षांनी ‘सामरिक भागीदारी’ जाहीर केली आणि नियमित शिखर परिषदांची प्रथा दृढ झाली.

शेजारी देशांवरील परिणाम : दक्षिण आफ्रिका ही दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघाची सदस्य आहे. १९१० मध्ये स्थापन झालेला हा संघ जगातील अस्तित्वात असलेल्या सीमाशुल्क संघांपैकी सर्वांत जुना समजला जातो. बोट्स्वाना, लेसोथो, स्वाझीलँड (२०१८ पासून एस्वातिनी) व १९९० पासून नामिबिया हे त्याचे अन्य सदस्य होत. पाचही देशांची बाहेरील जगासाठी जकात एकच असून वसूल झालेली रक्कम एका सामाईक निधीत जमा होते व सूत्रानुसार वाटली जाते. लेसोथो व एस्वातिनी यांच्या सरकारी महसुलाचा फार मोठा हिस्सा या निधीतून येतो. शाळा, दवाखाने व नोकरांचे पगार त्यावर चालतात.

त्यामुळे दक्षिण आफ्रिकेने यूरोपीय मालावरील जकात उतरविली, म्हणजे ती व्यवहारतः पाचही देशांनी उतरविल्यासारखेच झाले. यूरोपीय माल दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात उतरून संघांतर्गत मुक्तपणे फिरू लागला. सामाईक निधीत जकातीची तूट आली आणि संघाच्या बाजारपेठेत विकला जाणारा या लहान देशांचा माल स्पर्धेत सापडला. वाटाघाटींत मात्र हे चार देश पक्षकार नव्हते. ज्या कराराचे ओझे त्यांच्यावर पडले त्यावर त्यांची सही नव्हती, ही विसंगती प्रस्तुत कराराचा सर्वांत गंभीर दोष मानली जाते. तिची दखल घेऊन २००२ च्या सुधारित सीमाशुल्क संघ करारात असे ठरविण्यात आले, की यापुढे कोणत्याही सदस्याने इतर सदस्यांच्या संमतीखेरीज तिसऱ्या पक्षाशी नवा जकातविषयक करार करू नये. संघाचे सचिवालय नामिबियातील विंटहुक येथे स्थापन झाले.

प्रादेशिक आर्थिक भागीदारी करार : लोमे कराराची जागा जून २००० मध्ये कोटोनू कराराने घेतली. एकतर्फी सवलतींऐवजी आफ्रिकेतील प्रत्येक प्रादेशिक गटाशी परस्पर सवलतींचा करार करण्याचे धोरण यूरोपीय संघाने त्यात पुरस्कारिले. दक्षिण आफ्रिकी विकास समुदायातील काही देशांशी अशा वाटाघाटी २००४ मध्ये सुरू झाल्या आणि पुढे दक्षिण आफ्रिकाही त्यांत सहभागी झाली. २००९ मध्ये बोट्स्वाना, लेसोथो, स्वाझीलँड व मोझँबीक यांनी अंतरिम करारावर सह्या केल्या. दक्षिण आफ्रिकेने त्या केल्या नाहीत. भविष्यात इतर मोठ्या देशांना दिली जाणारी प्रत्येक सवलत यूरोपलाही देण्याचे बंधन आणि कच्च्या मालावर निर्यातकर बसविण्यास मनाई, या अटींवर तिचा आक्षेप होता. आपली खनिजे देशातच शुद्ध करून त्यांपासून वस्तू बनविणाऱ्या उद्योगांना उत्तेजन द्यावयाचे, तर निर्यातकराचे साधन हाती असले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. काही काळ सीमाशुल्क संघच दुभंगतो की काय, अशी स्थिती निर्माण झाली.

अखेर जुलै २०१४ मध्ये तडजोड झाली आणि १० जून २०१६ रोजी बोट्स्वानातील कासाने येथे सीमाशुल्क संघाचे पाच देश व मोझँबीक यांनी यूरोपीय संघाशी आर्थिक भागीदारी करार केला. तो १० ऑक्टोबर २०१६ पासून, व मोझँबीकपुरता फेब्रुवारी २०१८ पासून, तात्पुरता लागू झाला. त्यानुसार इतर पाच देशांच्या मालास (शस्त्रास्त्रे वगळून) यूरोपात जकात व कोटा यांविना प्रवेश मिळतो. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत काही जिन्नस वगळले आहेत. तिच्या मद्याचा जकातमुक्त कोटा वार्षिक ११० दशलक्ष लिटरपर्यंत वाढविण्यात आला. साखरेसाठी १,५०,००० टनांचा कोटा मिळाला. विशिष्ट परिस्थितीत मर्यादित वस्तूंवर व मर्यादित काळापुरता निर्यातकर बसविण्याची मुभा देण्यात आली. या देशांकडे निर्यात होणाऱ्या शेतमालावर निर्यात-अनुदान न देण्याचे यूरोपीय संघाने मान्य केले. भौगोलिक निर्देशकांविषयी स्वतंत्र मसुदा जोडण्यात आला. त्यानुसार यूरोपची २५१ व दक्षिण आफ्रिकेची १०५ नावे संरक्षित झाली. दक्षिण आफ्रिकेच्या यादीत मद्यांखेरीज ‘रॉयबॉस’ व ‘हनीबुश’ या वनस्पतींचा चहा आणि ‘कारू’ प्रदेशातील मेंढीचे मांस यांचा समावेश आहे. पोर्ट व शेरी यांच्या वेळी केवळ गमावण्याची पाळी आलेल्या देशास या वेळी स्वतःच्या नावांचे रक्षण करून घेता आले.

ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडण्यापूर्वी याच धर्तीचा स्वतंत्र करार सीमाशुल्क संघ व मोझँबीक यांनी ब्रिटनशी २०१९ मध्ये केला; तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

व्यापारातील तंटे : जकाती उतरल्या, तरी व्यापारातील संघर्ष संपले नाहीत, त्यांचे रूप बदलले. यूरोपीय ग्राहक कोंबडीच्या छातीच्या मांसास अधिक पसंती देतात. उरलेले हाडांसह मांस गोठवून स्वस्त दरात आफ्रिकेत विकले जाते. यामुळे आपला कुक्कुटपालन व्यवसाय मोडकळीस येत असल्याची तक्रार दक्षिण आफ्रिकी उत्पादकांनी केली. २०१६ च्या अखेरीस १३·९ टक्क्यांची तात्पुरती व सप्टेंबर २०१८ मध्ये ३५·३ टक्क्यांची, पुढे उतरत जाणारी, संरक्षक जकात बसविण्यात आली. यूरोपीय संघाने हा प्रश्न लवादाकडे नेला. ऑगस्ट २०२२ मध्ये लवाद मंडळाने हा उपाय काही बाबतींत कराराशी विसंगत ठरविला. तोपर्यंत त्याची मुदत संपलेली होती.

उलट दिशेने संत्र्यांचा तंटा निर्माण झाला. लिंबूवर्गीय फळांच्या निर्यातीत स्पेनच्या खालोखाल दक्षिण आफ्रिकेचा क्रमांक लागतो. फळांवरील काळा ठिपका हा बुरशीजन्य रोग आणि एक प्रकारचा पतंग यांचा प्रसार यूरोपात होऊ नये, यासाठी यूरोपीय संघाने तपासणीचे व शीतप्रक्रियेचे कडक नियम केले. हे नियम शास्त्रीय गरजेपलीकडचे असून त्यांमागे दक्षिण यूरोपातील उत्पादकांचे हितसंबंध आहेत, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे पडले. पतंगाविषयीच्या नियमाबाबत २०२२ मध्ये व काळ्या ठिपक्याबाबत २०२४ मध्ये तिने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. फळमाशीच्या कारणावरून यूरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली होती व ती २०१५ च्या प्रारंभी उठविली. कोकणातील हापूस-बागाइतदारांस त्या वेळी आलेला अनुभव याच जातीचा होता. जकातीची भिंत खाली आली म्हणजे आरोग्य, स्वच्छता व दर्जा यांचे नियम हेच बाजारपेठेचे खरे दार बनते, हे यावरून स्पष्ट होते.

पर्यावरणविषयक नियमांमुळे नवा प्रश्न उद्‌भवला आहे. दक्षिण आफ्रिकेतील वीज बव्हंशी कोळशापासून तयार होते. त्यामुळे तेथील पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या उत्पादनात कार्बनचे उत्सर्जन अधिक होते. अशा आयातीवर कार्बनविषयक आकार बसविण्याच्या यूरोपीय योजनेचा संक्रमणकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला व प्रत्यक्ष आकारणीसाठी २०२६ हे वर्ष ठरविण्यात आले. दुसऱ्या बाजूस, कोळशाकडून अन्य ऊर्जेकडे वळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेस ८·५ अब्ज डॉलरचा वित्तपुरवठा करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत यूरोपीय संघ, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन व अमेरिका यांनी केली होती. त्यांतून अमेरिका २०२५ मध्ये बाहेर पडली. मार्च २०२५ मध्ये केपटाउन येथे भरलेल्या शिखर परिषदेत यूरोपीय संघाने ४·७ अब्ज यूरोंच्या गुंतवणूक-कार्यक्रमाची घोषणा केली.

मूल्यमापन : करारानंतरच्या पहिल्या दीड दशकात उभयपक्षी व्यापाराचे मूल्य दुपटीहून अधिक झाले. एक गट म्हणून यूरोपीय संघ हा दक्षिण आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार राहिला. एकेका देशाचा विचार करता मात्र २००९ पासून चीनने पहिले स्थान मिळविले. उलटपक्षी यूरोपच्या एकूण बाह्य व्यापारात दक्षिण आफ्रिकेचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणजे जो व्यवहार एका पक्षाच्या दृष्टीने जीवनावश्यक, तो दुसऱ्याच्या दृष्टीने गौण होय. वाटाघाटींतील बळाचे प्रमाण बव्हंशी यावरूनच ठरते.

निर्यातीच्या स्वरूपात काही बदल झाला. प्लॅटिनम, कोळसा, लोहधातुक, फळे व मद्ये यांच्या जोडीला मोटारगाड्या व गाड्यांच्या धुरातील दूषित वायूंचे शुद्धीकरण करणारी उपकरणे यांची निर्यात वाढली. ईस्ट लंडन, रॉसलिन व कारिएगा (पूर्वीचे यूटेनहेग) येथील जर्मन कंपन्यांच्या कारखान्यांतून यूरोपीय बाजारपेठेसाठी गाड्या तयार होऊ लागल्या. तथापि याचे श्रेय केवळ कराराला देता येत नाही; दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने १९९५ पासून राबविलेला मोटार-उद्योग विकास कार्यक्रम त्यास तितकाच कारणीभूत होता. जेथे बाजारपेठेचा प्रवेश आणि देशांतर्गत औद्योगिक धोरण यांची सांगड बसली तेथे कराराचा लाभ मिळाला. जेथे ती बसली नाही, तेथे आयातच वाढली. बेकारीचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत तीस टक्क्यांच्या वर राहिले आहे. व्यापारवाढीतून आपोआप रोजगार व समता निर्माण होतील, ही १९९४ नंतरच्या काळातील अपेक्षा पुरी झाली नाही.

विकाससाहाय्याच्या बाबतीतही असाच संमिश्र निष्कर्ष निघतो. पाणी, शिक्षण व आरोग्य यांत दृश्य कामे झाली. परंतु जकातकपातीचा भार ज्यांनी सोसला ते शेजारी देश व साहाय्य मिळालेला देश हे एकच नव्हते. २००२ चा सुधारित सीमाशुल्क संघ करार व २०१६ चा प्रादेशिक करार यांनी या दोषाचे अंशतः परिमार्जन केले, हे प्रस्तुत कराराच्या अनुभवाचेच फलित होय. सवलतींच्या टक्केवारीइतकेच, कोणत्या वस्तू वगळल्या, नियम कोण ठरवितो आणि वाटाघाटींत कोणास स्थान मिळते, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. व्यापार व विकास यांची सांगड घालू पाहणाऱ्या कोणत्याही कराराचे मोजमाप याच कसोट्यांवर करावे लागते.